कवळीच्या डब्यांतले स्क्रू

मित्रांनो, आधी एक गोष्ट ठरवून टाकू. मला खेळणं म्हणायचं नाही. खेळणं दुकानातून घरी येतं, दोन दिवस घरभर फिरतं आणि तिसऱ्या दिवशी पलंगाखाली जाऊन बसतं. मी रिमोटवर धावणारी शर्यतीची गाडी आहे. जुनी आहे, मान्य. माझ्या वयाच्या गाड्यांचे सुटे भागसुद्धा आता मागवावे लागतात. पण माझ्यात मोटर आहे, दातेरी चाकं आहेत, चार चाकांना धक्के झेलणारे चार शॉक आहेत, आणि कोणी मनापासून चालवलं तर अजूनही मी भल्याभल्यांना धूळ चारते. थोडी बढाई मारते आहे खरी, पण घरातल्या मोठ्या माणसांची ऐकता ना, तशी माझीही ऐकून घ्या.

मी जन्मले तेव्हा गाडी नव्हतेच मुळी. एक खोकं होतं, खोक्यात लहान लहान पिशव्या होत्या आणि पिशव्यांत मिळून दोनशेच्या वर तुकडे होते. वर एक घडी घातलेला मोठा कागद, त्यावर कोणता तुकडा कुठे बसवायचा त्याची चित्रं. ते खोकं उघडलं तेव्हा आत्या बावीस वर्षांची होती. तेव्हा तिला कोणी आत्या म्हणत नव्हतं, पण पुढे सगळे म्हणायला लागले, म्हणून मीही आत्याच म्हणते. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत ती नुकतीच कामाला लागली होती. दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मला घडवायचं, असा तिचा क्रम. अकरा संध्याकाळी लागल्या. एकही स्क्रू तिनं घाईनं पिळला नाही. माझ्या अंगावरचं पातळ पारदर्शक कवच तिनं आतल्या बाजूनं रंगवलं, म्हणजे बाहेरून कितीही खरचटलं तरी रंग जायचा नाही. पिवळं अंग आणि मधोमध एक निळा पट्टा. आरशात मी स्वतःला पाहिलं तेव्हा, खरं सांगते, माझी मलाच दृष्ट लागेल असं वाटलं.

सहा वर्षं आम्ही दोघींनी ट्रॅक गाजवला. ट्रॅक म्हणजे रोपवाटिकेच्या मागे चोपलेल्या मातीचं मैदान, पाण्याच्या जुन्या पाइपांनी आखलेली वळणं आणि चालवणाऱ्यांना उभं राहायला फळ्यांचा एक उंच माचा. तिथे आत्याला सगळे कवळीबाई म्हणायचे. पहिल्या वर्षी हसून म्हणायचे, तिसऱ्या वर्षी जरा जपून म्हणायला लागले. एकदा तर खुद्द ट्रॅकवाल्या काकांच्या गाडीला आम्ही शेवटच्या वळणावर मागे टाकलं. काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत म्हणे.

मग आत्याचं काम वाढलं. कार्यशाळा तिच्या एकटीच्या हातात आली. एक शनिवार चुकला, मग दोन चुकले आणि एके दिवशी तिनं मला मऊ फडक्यानं पुसलं, खोक्यात ठेवलं आणि खोकं कपाटावर चढवलं. 'आलेच हं,' असं काहीतरी पुटपुटली होती ती. त्या 'आलेच'ला सतरा वर्षं झाली. बॅटरी माझ्या अंगातच मेली. टायर एका बाजूनं चपटे झाले. सुट्टीच्या दिवशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला की मला वाटायचं, आज आपला नंबर. पण तिचा हात शेजारच्या व्हॅक्यूम क्लीनरकडे जायचा. व्हॅक्यूम क्लीनरचा हेवा करायची वेळ कोणावर येऊ नये, मित्रांनो.

ज्या मुलीनं मला खाली उतरवलं तिला घरात सगळे पाऊण म्हणत. ती आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी, चौदा वर्षांची, उंच, हाडकुळी आणि सतत काहीतरी हाताळत बसणारी. आई-बाबा दोघांनाही शनिवारी काम असे, म्हणून शनिवारी ती आत्याकडे यायची. पाऊण हे नाव बाबांनी ठेवलेलं. का, तर ती प्रत्येक गोष्ट पाऊण करायची आणि शेवटचा पाव सोडून द्यायची. पोहायला शिकली, पण परीक्षेच्या दिवशी पोट दुखतं म्हणाली. गिटारवर एक गाणं बसवलं, शेवटचं कडवं सोडून. बाबांसाठी स्वेटर विणला तो एका बाहीचा, आणि तो अजून तसाच आहे. बाबा छापखान्यात प्रुफं तपासतात. खिशाला कायम लाल पेन. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा ज्याचा धंदाच आहे, त्याच्या घरात राहणं सोपं नसतं. माणूस प्रेमळ, पण नजर पहिल्यांदा चुकीवरच जायची.

पाऊणनं खोकं उघडलं आणि तिचे डोळे चमकले. मी ते डोळे ओळखले. बावीस वर्षांची आत्या अशीच बघत होती.

"आत्या, ही चालते?"

"चालायची. आता नाही चालत."

"मग चालती कर ना."

"मी नाही," आत्या म्हणाली. "तू कर. मी सांगेन."

संध्याकाळी बाबा न्यायला आले तेव्हा टेबलावर मी आणि माझ्याभोवती त्या दोघी. बाबांनी कपाळावर हात मारला. "ताई, तू तरी नको गं भरीला घालूस. आणखी एक हौस! स्वेटरची दुसरी बाही व्हायची आहे अजून."

"दोन महिन्यांनी ट्रॅकवर नवशिक्यांची शर्यत आहे," आत्या म्हणाली. "पाच मिनिटांची. तिच्यासाठी करू या म्हणते."

बाबा लेकीकडे वळले. थट्टेनंच बोलले, पण मला ते बोचलं आणि तिलाही. "असं करू. शर्यत पूर्ण केलीस तर मी तुला जन्मात पुन्हा पाऊण म्हणणार नाही. आणि मध्येच सोडलीस तर ही शेवटची हौस. पुढे क्लास नको, सामान नको, काही मागायचं नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. ओठ असे घट्ट मिटून म्हणाली की मला भीतीच वाटली. कारण ती हरली असती तर माझंही ठरलेलंच होतं. पुन्हा कपाट, पुन्हा व्हॅक्यूम क्लीनर.

आता आत्याची शिकवण्याची रीत सांगते, कारण तशी शिकवणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. पाऊण कामाला बसली की आत्या तिच्या मागे उभी राहायची आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीशी धरायची. अगदी एकमेकांत गुंफून. स्क्रू चुकीचा बसतोय, दिसतंय, बोटं शिवशिवताहेत, तरी हात पुढे येत नसत. तोंडानं सांगायची, तेही थोडंच. तेवीस वर्षं ज्या हातांनी केसाएवढी फट भरून काढली, ते हात स्वस्थ ठेवणं काय सोपं असतं? मी तिचा चेहरा बघायची. कधी कधी घाम फुटायचा बिचारीला.

पहिल्या शनिवारी जोडणी नाहीच. फक्त खोलायचं. प्रत्येक जागचे स्क्रू वेगळ्या डबीत, आणि डब्या कसल्या, तर कवळीच्या! रात्री कवळी काढून ठेवायची ती झाकणाची गोल डबी. आत्याकडे ढिगानं होत्या. पुढच्या चाकांचे स्क्रू गुलाबी डबीत, मागच्यांचे निळीत, मोटरचे पांढरीत. पाऊणची आई एकदा तिला न्यायला आली, चुकून डबी उघडली आणि आत दात नाहीत हे बघून तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या शनिवारी मला ब्रशनं घासलं. पाण्याखाली नाही धरलं, हे लक्षात ठेवा. पाणी आमच्या सांध्यांत शिरलं की गंज आलाच. तिसऱ्या शनिवारी मोटर. मोटरच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. दोन्ही फार आवळून बसवली तर करकरतात आणि झिजतात, सैल ठेवली तर दाते घसरतात. पाऊणनं विचारलं, "मग किती अंतर ठेवायचं?" आत्या तिच्या कामाच्या पिशवीतून निळ्या कागदाची एक चिंचोळी पट्टी घेऊन आली. नवी कवळी बसवताना माणसाला ही पट्टी दातांत चावायला देतात. जिथे निळा डाग जास्त, तिथे दात उंच. "ही दोन्ही चाकांच्या मध्ये घाल आणि फिरव," आत्या म्हणाली. "पट्टी बाहेर आली की तिच्यावर नागमोडी खुणा दिसल्या पाहिजेत. फाटली तर घट्ट. कोरी आली तर सैल." पाऊणनं नऊ पट्ट्या फाडल्या. दहावी बाहेर आली ती सुंदर नागमोडी. ती पट्टी तिनं मोबाइलच्या कव्हरमध्ये जपून ठेवली. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ही पोरगी मला सोडणार नाही.

नवी बॅटरी आली. ती रिकामीही ठेवायची नाही आणि काठोकाठ भरूनही ठेवायची नाही, चार्ज होत असताना खोली सोडून जायचं नाही, हे आत्यानं तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग माझं पुनर्जन्माचं चालणं. इथे पाऊणनं नवशिके हमखास करतात तीच चूक केली. सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. तिनं रिमोट आधी बंद केला. मला कोणाचा हुकूम आहे तेच कळेना. मी जी सुटले ती थेट चपलांच्या कपाटात. आत्या दोन्ही हात पाठीशी धरून इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

खरी परीक्षा पुढेच होती. गाडी आपल्यापासून लांब जाते तेव्हा डावं ते डावं असतं. तीच गाडी वळून आपल्याकडे यायला लागली की सगळं उलटं होतं. तुम्ही डावीकडे वळवता आणि ती तुमच्या उजवीकडे जाते. आत्यानं खालच्या मोकळ्या आवारात दोन जुने बूट ठेवले आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायला सांगितलं. आधी गाडीनं नाही, पायांनी. "तूच गाडी आहेस असं समज. चाल. आता माझ्याकडे तोंड कर. तुझा डावा हात कुठाय?" पाऊण चालली, हात वर करकरून चालली. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एक बाई बघत होत्या. त्यांना काय वाटलं कोण जाणे.

पण माझ्यावर वेळ आली की डावं-उजवं विसरून जायची. पाचव्या शनिवारी मी चौदा वेळा त्याच डाव्या बुटावर आदळले. पंधराव्यांदा आदळले तेव्हा तिनं रिमोट पायरीवर ठेवला आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

"नाही जमत मला. सांग बाबांना."

आत्या तिच्याशेजारी पायरीवर बसली. उपदेश नाही, समजावणं नाही. मग पाऊणच बोलायला लागली.

"तुला माहितीय का मी सोडून का देते? शेवटपर्यंत केलं आणि तरी वाईट झालं तर काय करायचं? मध्येच सोडलं की निदान म्हणता येतं, केलं असतं तर जमलं असतं. बाबा बघतात ना, लगेच दिसतं त्यांना काय चुकलंय ते. स्वेटरची एक बाही झाल्यावर म्हणाले, ही जरा लांब झालीय. मग दुसरी कशाला करू?"

हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. मी एवढीशी गाडी, पण माझं मन भरून आलं. आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माझी पहिली कवळी एका आजोबांची," ती म्हणाली. "तोंडात घातली की आपोआप बाहेर यायची. बोलायला लागले की दात पुढे आणि शब्द मागे. सगळी कार्यशाळा हसली. मी दुसरी केली, तीही नाही बसली. तिसरी बसली. आजोबा सफरचंद खाऊन दाखवायला आले होते."

"तुला लाज नाही वाटली?"

"वाटली की! मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आजोबांना दात हवेच होते ना."

पाऊण थोडी हसली. नाक पुसलं आणि रिमोट उचलला. त्या संध्याकाळी मी बुटाला एकदाही धडकले नाही असं म्हणणार नाही, पण एक पूर्ण आठचा आकडा झाला. तो झाला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

शर्यत रविवारी. गुरुवारी शाळेनंतर ती सरावाला आली आणि जोशात मला आवाराच्या कट्ट्यावर घातलं. कडकन आवाज झाला. चाकाला अंगाशी धरून ठेवणारा एक चपटा दांडा असतो, त्याला आर्म म्हणतात. माझा पुढचा डावा आर्म मधोमध मोडला. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "ते मॉडेल जुनं आहे, आर्म मागवावा लागेल, दहा दिवस." पाऊणचा चेहरा उतरला. पण तिनं मला टाकलं नाही. ती वरच्या खोलीत गेली, प्लास्टिकच्या पट्टीचा बोटभर तुकडा कापला, आणि माझ्या मोडक्या आर्मला लावून बघितला. हाड मोडलं की फळी बांधतात ना, तसं. "याच्यावर वायरी बांधायचे प्लास्टिकचे चार टाय आवळले तर टिकेल," ती म्हणाली.

आणि इथे आत्या चुकली. इतके दिवस पाठीशी धरलेले हात पुढे आले. तिला भीती वाटली की पोरीचं धाबं दणाणलंय, आता हिनं पुन्हा हातपाय गाळले तर? "दे इकडे," ती म्हणाली. "मोडलेल्या कवळ्या जोडणं हे माझं रोजचं काम आहे. उद्या संध्याकाळी घेऊन येते, नव्यासारखी." पाऊणनं पट्टीचा तुकडा मुकाट्यानं गुलाबी डबीत ठेवला.

शुक्रवारी मी आत्याची कार्यशाळा पाहिली. केवढी ती जागा आणि केवढं ते काम! फळीवर ओळीनं प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर चिठ्ठी. खिडकीशी झिलईचं फिरतं चाक. सगळीकडे पांढरी धूळ, पण हत्यारं लखलखीत. आत्यानं माझा आर्म दोन टोकांनी घासला, कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी लेप कालवला, भरला, सुकवला, घासून गुळगुळीत केला. काम करताना तिचे ओठ किंचित हलत होते, तिच्याही नकळत. मी बघतच राहिले. इतकं देखणं काम माझ्यावर कधी कोणी केलं नव्हतं. पण माझा आर्म नायलॉनचा आणि तो लेप नायलॉनला धरत नाही. बघताना जोड पक्का वाटतो, हादरा बसला की सुटतो. आत्याला हे ठाऊक नव्हतं. तिच्या आयुष्यात नायलॉन फारसं आलंच नव्हतं. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी खूश होऊन घरी आलो.

रविवारी ट्रॅकवर नऊ नवशिके होते. सर्वांत लहान आठ वर्षांचा, सर्वांत मोठे एक निवृत्त टपाल अधिकारी. ट्रॅकवाले काका आता पांढरे झालेले; नोंदणी, तक्ता, सुट्या भागांची मागणी, सगळं त्यांच्याच टेबलावर. त्यांनी मला पाहिलं आणि ओरडलेच, "कवळीबाई! आणि ही पिवळी अजून जिवंत?" मग नियम सांगितले. पाच मिनिटं धावायचं. शिट्टी झाली की ज्या फेरीत असाल ती संपवायची. आपल्या चाकांवर रेषा ओलांडली तरच नाव तक्त्यावर. उचलून रेषेपार आणली की बाद. बाबा दोरीपाशी उभे होते. खिशाला लाल पेन होतंच.

शिट्टी झाली. आठ जण एकमेकांवर आदळले आणि पाऊणनं मला बाहेरच्या बाजूनं अलगद काढलं. अहाहा, सतरा वर्षांनी ती माती! पहिली फेरी झाली, दुसरी झाली. वळून तिच्याकडे येताना ती डावं-उजवं चुकत नव्हती. आम्ही चौथ्या होतो. टपालवाल्या आजोबांना मागे टाकलं तेव्हा मला गाणंच म्हणावंसं वाटलं. तिसरी फेरी संपवून चौथीत शिरलो, मातीच्या उंचवट्यावरून उडी घेतली, खाली आदळले आणि तो गुलाबी जोड सुटला. डावं चाक पोटाखाली दुमडलं. मी कडेला नांगर टाकल्यासारखी रुतले.

वर माच्यावर पाऊण तशीच उभी होती. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, संपलं. आता रिमोट खाली ठेवेल, पोट दुखतंय म्हणेल. आत्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, "माझी चूक. माझीच चूक ही."

पाऊण माच्यावरून धावत खाली आली. काकांच्या माणसानं मला कडेला आणून दिलं. दुरुस्त करून त्याच जागेवरून पुन्हा सोडायला परवानगी असते. तिनं मला टेबलावर उलटं ठेवलं, गुलाबी डबी उघडली, पट्टीचा तुकडा काढला. आत्याचे हात पुढे आले.

"आत्या, तू फक्त ही दोन टोकं जुळवून धर. बाकी मी करते."

आत्यानं धरलं. तेवढंच केलं. पहिला टाय आवळला, दुसरा हातातून निसटून मातीत पडला. तिनं तो शोधला नाही, नवा घेतला. मोटरींचा आवाज घोंघावत होता, दोन मिनिटं उरली होती. बाबा दोरी ओलांडून आले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, लेकीची कीव होती, माया होती.

"राहू दे गं बाळा. तुझी काही चूक नाही यात. सोड आता, मी काही म्हणणार नाही."

माणसानं किती सहज सुटावं! तिला फक्त मान हलवायची होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"बाबा, उजेडातून बाजूला हो ना जरा."

बाबा बाजूला झाले. चटकन, शाळेतल्या मुलासारखे.

चौथा टाय बसला. तिनं मला त्याच जागी मातीवर ठेवलं आणि माच्याकडे धावली. माझं डावं चाक वाकडं होतं. सरळ जायचं म्हटलं तरी मी डावीकडे ओढत होते. तिला ते पहिल्या दहा हातांत कळलं. तिनं सगळा वेळ मला थोडं उजवीकडे दाबून धरलं आणि रिमोटचा चाप हळू ओढला. चौथी फेरी संपली. पाचवी संपली. सहाव्या फेरीत, सगळ्यांत लांबच्या वळणावर असताना शिट्टी झाली. बाकीच्या गाड्या एकेक करून रेषेपार गेल्या आणि बंद झाल्या. ट्रॅकवर मी एकटी. इतकी शांतता की माझ्याच दातेरी चाकांचा आवाज मला ऐकू येत होता. उंचवटा आला. तिनं उडी नाही घेतली, मला मुंगीच्या पावलांनी वर नेलं आणि तसंच उतरवलं. मग शेवटचं सरळ अंतर, तिच्या दिशेनं येणारं, म्हणजे सगळं उलटं. मी लंगडत, वाकडी, टायांची शेपटं हलवत रेषा ओलांडली.

काकांनी तक्त्यावर लिहिलं, "नववी. सहा फेऱ्या." नऊमध्ये नववी. टाळ्या मात्र पहिल्या आलेल्यापेक्षा जास्त पडल्या, हे मी मुद्दाम सांगते आहे.

पाऊण खाली आली. बाबा मला हातात घेऊन वळवून वळवून बघत होते. मी म्हटलं, झालं, आता चूक काढणार. टाय तिरपा आहे म्हणणार, पट्टी वाकडी कापलीय म्हणणार. बाबांनी तो तिरपा टाय पाहिला. नक्की पाहिला, त्यांच्या नजरेतून काय सुटतंय? त्यांचे डोळे भरून आले होते. पण ते सरळ काकांच्या टेबलाशी गेले आणि खिशातलं लाल पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"हा जो आर्म का काय म्हणतात, पुढचा डावा, तो लिहून घ्या. मागवा."

"एकच ना?"

"दोन मागवा," बाबा म्हणाले. "पुन्हा मोडेल. रोज चालवणार आहे ती."

मित्रांनो, याला आता दीड वर्ष झालं. मी तिच्या अभ्यासाच्या टेबलावर राहते, रविवारी धावते आणि बाकीचे दिवस मिरवते. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी माळ्यावर, कपाटावर धूळ खात पडलं असेल तर त्याला खाली घ्या. त्याची बॅटरी तपासा, माती कोरड्या ब्रशनं झाडा, स्क्रू एकत्र मिसळू देऊ नका. आणि कोणी तुमच्यासमोर बसून सावकाश, तिरपंतारपं, चुकत चुकत काही जोडत असेल तर कृपा करून त्याच्या उजेडात उभे राहू नका. माझी काळजी करू नका. दुसरा आर्म अजून डबीत नवाकोरा पडून आहे.